हळदीखालचं पिवळं

पाचवीचा दिवस. माघातला सोमवार, दुपारचे तीन वाजून गेलेले. हजर माणसं पाच. आई, आतल्या खोलीत बाजेवर. वत्सलाआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, शेगडीपाशी. घोडेगावहून बांगड्या भरायला आलेली जैतूनचाची, पेटी उघडून. मी, शैला, वय अकरा, उंबऱ्यात बसलेली. आणि माझ्या मांडीवर पाच दिवसांचा माझा भाऊ, ज्याचं नाव अजून ठेवलेलं नव्हतं. वडील हजर नव्हते; ते शेगडीला लाकडं आणायला शिनोलीला गेले होते. हे आधीच लिहून टाकते, कारण त्या दिवशी कोण कुठे होतं आणि कोणाला काय माहीत होतं, याची आमच्या घरात पुढे कायम गल्लत झाली. झाली म्हणण्यापेक्षा केली गेली.

मी याद्या करणारी बाई आहे. एका वसतिगृहाचं कोठार सांभाळते. किती मुली, किती तांदूळ भिजवायचे, कोणाला ताप, कोणाची गोळी किती वाजता, सगळं वहीत असतं आणि झालेल्या कामापुढे खूण असते. लोक म्हणतात, शैलाताईंची शिस्त बघा. शिस्त कसली? तो राग आहे. न लिहून ठेवलेल्या गोष्टींचं माणसं नंतर काय करतात, ते मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय.

आमचं घर भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, शेताच्या कडेला. पुढे ओसरी, मग मधलं घर, चूल, मागचं दार, आणि बाजूला धान्याची एक अंधारी खोली. कणग्या एका अंगाला सरकवून तीच बाळंतिणीची खोली केली होती. आईची आई कधीच गेलेली, म्हणून बाळंतपण करायला आत्या ओतूरहून आली. आल्या दिवशी तिनं पहिलं काम केलं ते म्हणजे खोलीच्या हातभर खिडकीवर गोधडी ठोकली. "बाळाला वारं लागतं आन् नजरबी," ती म्हणाली. तिच्या हातावर गावची आणि सासरची मिळून कितीतरी बाळंतपणं झाली होती, त्यामुळे तिला कोणी काही विचारत नसे. दादा, म्हणजे माझे वडील, तर नाहीच. दादा चार वर्षांचे असताना त्यांची आई गेली आणि आत्यानं, स्वतः दहा-बारा वर्षांची असताना, त्यांना कडेवर घेऊन वाढवलं होतं. ती घरात आली की दादा बसल्या जागेवरून उठून उभे राहत.

आत्या वाईट बाई नव्हती, आणि ह्याचाच मला जास्त संताप येतो. वाईट असती तर हिशेब सोपा होता. ती पहाटे उठून पाणी तापवायची, आईचं अंग रगडायची, ओवा, शेपा आणि लसणाच्या टरफलांची धुरी करायची. त्या धुराचा वास आमच्या कपड्यांना, दप्तराला, भाकरीलासुद्धा लागला होता. आईसाठी अळिवाची खीर, शेपूची भाजी, तुपात कुस्करलेली बाजरीची भाकरी. मला त्यातला घास चोरून मिळायचा. आणि सकाळी उठल्यापासून घरात जो ठोक-ठोक आवाज चाले तो माझा होता. हळकुंडं कुटायचं काम माझ्याकडे होतं. उखळात कुटायची, मग फडक्यातून वस्त्रगाळ करायची. मी ते काम इतकं चोख करायची की आत्या शेजारणींना दाखवायची, "शैलीची हळद म्हंजी सोनं हाय, सोनं." ती हळद, साय आणि डाळीचं पीठ असं मिळून बाळाला सकाळ-संध्याकाळ चोळलं जाई. मग चिमणीच्या उजेडात बाळ पिवळंधमक दिसे, आणि बघायला आलेल्या बाया बोटं मोडून म्हणत, "काय सोन्यावानी पोरगं हाय, बाई."

पहिले दोन दिवस ते सोनं चांगलं खणखणीत रडलं. तिसऱ्या दिवसापासून कमी रडायला लागलं. चौथ्या दिवशी त्याच्या तळपायाला टिचक्या मारून त्याला प्यायला उठवावं लागत होतं. दोन घोट प्यायचं की पुन्हा डोळे मिटायचं. आत्या म्हणाली, "लई गुणी बाळ. रडत नाय, छळत नाय." आई एकदा हळूच म्हणाली, "वन्सं, ह्यो नीट पीतच न्हाई ओ." त्यावर आत्या म्हणाली, "प्वाट भरलं आसंल, इंदे. तुला काय, धा-अकरा वर्सांनी ल्योक झालाय, म्हनून चिंता." आई पुन्हा त्याच्या तळपायाला टिचक्या मारत राहिली. माझ्यानंतर तिची दोन मुलं दिवस भरण्याआधीच गेली होती. असल्या बाईला घरात फार बोलायची सोय नसते.

आजही कोणी माझ्यासमोर "गुणी बाळ, अजिबात रडत नाही" म्हणालं की माझी कानशिलं तापतात. चार दिवसांचं मूल रडत नसेल आणि पीत नसेल तर ते गुणी नाही, आजारी आहे. उचला आणि दवाखान्यात न्या. हे मी वसतिगृहातल्या प्रत्येक बाईला सांगितलंय, आणि त्यातल्या निम्म्या बाया माझ्या तोंडावर हो म्हणून घरी जाऊन खिडकीला चादर लावतात, हेही मला माहीत आहे.

आमच्याकडे पाचवीला बाळंतिणीला हिरव्या बांगड्या भरतात. जैतूनचाची आली, खोलीत शिरली, आईचा हात हातात घेतला आणि थांबली. "अगं, मला हात दिसंना. बांगडी फुटली तर काच घुसंल बाळंतिणीच्या मनगटात. उजेड करा की जरा." आत्या म्हणाली, "खिडकी उघडायची न्हाई." चाची म्हणाली, "मग मी बसते अशीच. तुमी कंदील शोधा." शेवटी आत्यानं खोलीचं दार सताड उघडलं, जागा व्हावी म्हणून बाळ माझ्याकडे दिलं आणि मला उंबऱ्यात बसवलं. मागच्या दारातून उतरतं ऊन मधल्या घराला ओलांडून थेट माझ्या मांडीवर पडलं होतं. पाच दिवसांत पहिल्यांदा माझा भाऊ उजेडात आला.

मी त्याला नीट बघितलं. दुपट्यातून त्याचा तळपाय बाहेर आला होता. तळपायाला आम्ही हळद लावत नव्हतो, तरी तो पिवळा होता. त्यानं डोळे अर्धवट उघडले. डोळ्यातलं पांढरं पिवळं होतं. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, आपण हळद इतकी बारीक कुटलीय की ती डोळ्यातसुद्धा उतरली. मला स्वतःचा अभिमान वाटला.

बांगड्या भरून चाची बाहेर आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. तिनं पदराचं टोक जिभेनं ओलं केलं आणि बाळाचं कपाळ पुसलं. पदर पिवळा झाला. दुसरी कोरी बाजू घेऊन पुन्हा पुसलं. पुन्हा पिवळा. तिसऱ्यांदा पुसलं तेव्हा पदर स्वच्छ निघाला. कपाळ मात्र तसंच पिवळं. मग तिनं अंगठ्यानं बाळाच्या नाकाचा शेंडा दाबला, सोडला आणि दाबलेल्या जागी बघितलं; तिथेही पिवळंच. तिचा चेहरा बदलला. ती उठून ओसरीवर गेली आणि आत्याला हाक मारली. बाळ घेऊन मीही मागोमाग गेले.

"वत्सलाबाई, ह्ये हळदीचं पिवळं न्हवं. पुसून पाह्यलं मी. ह्याला कावीळ हाय."

"काय बी बोलू नगंस. पाचवीच्या दिसाला असलं त्वांडातनं काढत्यात व्हय?"

"माझ्या तिसऱ्याला अशीच झालती. पुण्याला नेला. निळ्या दिव्याखाली उघडा ठिवला दोन दिवस, तवा उतरली. आज शाळंत जातोय, माझ्याच डोक्यावर मिऱ्या वाटतोय. आज न्या बाई. उद्यावर टाकू नका."

"तुजं बांगड्या भरायचं झालं न्हवं? मग उचल पेटी."

चाचीनं पेटी उचलली. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "पोरी, तू तरी आईला सांग." ती दिसेनाशी होईपर्यंत आत्या बघत राहिली. मग तिनं माझा दंड धरला. "आईला एक शबुद बोलायचा न्हाई. बाळंतिणीला घोर लागला की दूध आटतं. मग तुजा भाऊ उपाशी मरंल. कळलं?" मी मान हलवली. मला माझा भाऊ हवा होता. तो उपाशी मरू नये म्हणून मी गप्प बसले.

संध्याकाळी दिवेलागणीला पाचवी पुजली. पाटा-वरवंटा धुऊन मांडला, त्याला हळदकुंकू, पुढे विळा, आणि सटवाईनं बाळाचं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि पेन. कागद माझ्या नव्या वहीतला होता, मीच कडेकडेनं नीट फाडून दिला होता. ज्याचा मेंदू त्या वेळी, त्याच घरात, पाच हातांवर विषारी होत चालला होता, त्याचं नशीब एक देवी येऊन लिहील म्हणून आम्ही सगळे हात जोडून बसलो. घोडेगावचा दवाखाना एसटीनं कितीसा लांब होता? एसटी तरी कशाला, दादांकडे सायकल होती. सकाळी कागद कोराच होता. तो मी घडी करून ठेवला.

सातव्या दिवशी बाळ रडायला लागलं, पण ते रडणं बाळाचं नव्हतं. कुत्र्याच्या पिल्लाचा पाय चेंगरल्यावर निघतो तसला बारीक, उंच, न तुटणारा आवाज. पाठ मागे धनुष्यासारखी वळली, मान मागे, मुठी आवळलेल्या. दादा त्याला छातीशी धरून घोडेगावला धावले, तिथून तसेच पुण्याला. आई कच्ची बाळंतीण, ती एसटीत उभी राहून गेली. दवाखान्यात कितीतरी दिवस काढून तिघं परत आले. बाळ जगलं होतं. उशिरानं बारसं केलं, नाव ठेवलं राजेंद्र. आमचा राजू.

पुण्याच्या डॉक्टरांनी दादांना काहीतरी सांगितलं असणार. दादांना त्यातलं "मेंदूला मार बसला" एवढंच कळलं किंवा एवढंच घरी आणावंसं वाटलं. मग कारण शोधणं सुरू झालं. आत्यानं आळीतल्या बायांदेखत आईला विचारलं, "सातव्या महिन्यात गिरान लागलं व्हतं. काय चिरलं, कापलं व्हतंस का?" आई म्हणाली, "न्हाई वन्सं. जागची हालले न्हाई." आणि मी, वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, खरं बोलण्याबद्दल शाबासकी मिळवणारी, मी म्हणाले, "आईनं माझ्या वहीला कव्हर घातलं होतं ना. कात्रीनं कागद कापून."

ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी बाई वह्या तपासणार होत्या आणि मी आईच्या मागे भुणभुण लावली होती. ग्रहण सुटायला अवकाश होता. आईनं खाकी कागद कापला, कोपरे दुमडले, कव्हर घातलं. त्याच वहीतला कागद मी सटवाईसाठी फाडला होता. जे सांगायला हवं होतं ते मी पोटात ठेवलं आणि ज्याचा कशाशीच संबंध नव्हता ते भर बायांत बोलून बसले. सगळ्या बायांनी आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून आईनं कात्री हातात घेतली नाही.

हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. ती कापड दातानं टरकावते. माझी वेणी कापायची वेळ आली तर शेजारी पाठवायची. आळीत पोटुशी बाई दिसली की म्हाताऱ्या म्हणायच्या, "गिरानात जपून बाई, शैलीच्या आईवानी करू नगंस." आई ते ऐकत पाणी भरायची. प्रत्येक ग्रहणाला उपास, गार पाण्यानं आंघोळ, धान्य दान. राजू पाच वर्षांचा झाला तरी मान धरत नव्हता. हात वळवळायचे, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकायचे, लाळ गळायची. लोक त्याला खुळा म्हणत. तो खुळा नाही. त्याला सगळं कळतं. दादांच्या आवाजातला खोटेपणा कळायचा, माझी परीक्षा अवघड गेलेली कळायची. हात ऐकत नाहीत, जीभ ऐकत नाही, एवढंच. मेंदूच्या आतला एक तुकडा जळाला आणि विचार करणारा तसाच शाबूत राहिला. अशा माणसाला खुळा म्हणणाऱ्यांना काय म्हणायचं, ते मी इथे लिहीत नाही, मुली वाचतील.

मी सतरा वर्षांची असताना घोडेगावला अपंगांच्या दाखल्यांचं शिबिर लागलं. आई, मी, राजू माझ्या कडेवर, आणि आत्या. तोवर ती विधवा होऊन आमच्याकडेच राहायला आली होती आणि राजूला जीव लावत होती. त्याला भरवायला तिच्याइतका धीर कोणाकडे नव्हता. मांडवात एक तरुण डॉक्टरीण होती. तिच्याकडे छापील प्रश्नांची यादी होती आणि ती एकही प्रश्न गाळत नव्हती. मला ती बघताक्षणी आवडली.

"जन्मल्यावर बाळ पिवळं दिसत होतं?"

आई म्हणाली, "हळद लावत व्हतो ना ओ. पिवळंच दिसनार."

डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवलं. तेच पेन राजूच्या डोळ्यांसमोर धरून हळूहळू वर नेलं. राजूची नजर वर गेली नाही. त्यानं सगळी मान मागे टाकली. त्यांनी त्याचा ओठ उचलून दुधाचे दात बघितले, हिरवट होते. कानामागे बारीक घंटी वाजवली, तो वळला नाही. टेबलावर धप्पकन हात आपटला, तो वळून हसला. "ह्याच्या आधीचं मूल, पोटातली गेलेली, असं काही?" त्यांनी विचारलं. आईनं सांगितलं. आत्या मध्येच म्हणाली, "गिरानाचं हाय ते, मॅडम. हिनं कात्री चालवली व्हती."

"कात्रीचा आणि ह्याचा काडीचा संबंध नाही," डॉक्टरीणबाई इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की रांगेतली माणसं वळली. मग त्यांनी आईला खुर्ची दिली आणि सांगितलं. आईचं रक्त एका प्रकारचं आणि बाळाचं दुसऱ्या प्रकारचं असलं की पहिल्या मुलाला बहुतेक काही होत नाही, पण आईचं रक्त परक्या रक्ताशी भांडायला शिकतं. पुढच्या मुलाचं रक्त फुटतं, त्याचा पिवळा रंग अंगात साठतो. नवीन बाळाच्या काळजाला, म्हणजे यकृताला, तो उपसून टाकता येत नाही. फार साठला की मेंदूत उतरतो, आणि तिथे एकदा उतरला की मग धुऊन निघत नाही. तुमचं रक्त तपासून घ्या, म्हणाल्या. नंतर तपासलं. निगेटिव्ह निघालं, त्या म्हणाल्या होत्या तसंच.

आईनं विचारलं, "म्हंजी कात्रीनं न्हाई?"

"नाही. अजिबात नाही."

"आन् येळंवर आनला असता तर?"

"चौथ्या-पाचव्या दिवशी आणला असता तर बराचसा वाचला असता. पण तुम्हाला कसं कळणार? खोलीत अंधार आणि वरून हळद."

परतीच्या एसटीत आई खिडकीशी, तिच्या शेजारी आत्या, पुढच्या बाकावर राजूला घेऊन मी. आईचा आवाज मला पाठीमागून आला. सहा वर्षांत असा मोकळा आवाज मी ऐकला नव्हता. "वन्सं, म्हंजी मी न्हाई केलं ओ." मग आई म्हणाली, "तवा तुमाला कायच दिसलं न्हाई?"

"हळदीखाली काय दिसनार, इंदे?" आत्या म्हणाली.

माझ्या मांडीवर राजू होता. त्याच मांडीवर. मी मागे वळले असते तर आत्याच्या आणि माझ्या डोळ्यांत फक्त हातभर अंतर होतं. मी वळले नाही.

घरी आल्यावर आत्यानं ताट लोटलं. "म्हंजी आता मी मारलं का पोराला? मी बाळंतपन केलं, मी हळद लावली, म्हंजी माझ्यावरच आलं न्हवं?" कोणीही असं म्हटलेलं नव्हतं. ती तीन दिवस जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी दादा रडकुंडीला आले. त्यांनी चुलीपाशी येऊन आईला सांगितलं, आणि मी तिथे भाकऱ्या थापत होते म्हणून शब्द न् शब्द ऐकला. "म्हन की एकदा, गिरानानं झालं म्हनून. तुजं काय जातंय? तुला सवय हाय. ती मरंल गं."

तुला सवय आहे. माझ्या बापाच्या तोंडचं हे वाक्य मी इथे लिहून ठेवते. ते प्रेमळ माणूस होते, त्यांनी कधी आईवर हात उचलला नाही, वगैरे सगळं खरं. वाक्यही खरं.

आईनं हात धुतले, पदरानं पुसले, वाढलेलं ताट घेऊन आत्यापाशी गेली आणि खाली बसली. "वन्सं, गिरानानंच झालं. माझ्याच कात्रीनं झालं. डाक्टरीनबाई ल्हान पोर हाय, तिला काय कळतंय? उठा, जेवा." आत्या उठली. जेवली. पिठलं दुसऱ्यांदा मागून घेतलं. वाढायला मी होते. माझ्या हातात पळी होती आणि घशात जैतूनचाचीचा ओला पदर होता. एक वाक्य बोलायचं होतं: पाचव्या दिवशी सांगितलं होतं हिला, पुसून दाखवलं होतं. मी सतरा वर्षांची होते, अकराची नव्हते. मी पळी पातेल्यात टाकली आणि पाणी आणायला निघून गेले.

आता दादा नाहीत, आत्याही नाही. आत्याचं शेवटचं सगळं मीच केलं, आणि तिनं त्या दिवसाबद्दल शेवटपर्यंत एक अक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही. आई पंचाहत्तरी ओलांडून गेलीय, राजू चाळिशी. दोघं माझ्याजवळ घोडेगावला असतात. राजूच्या चमच्याला मी सायकलची रबरी मूठ बसवलीय, तो स्वतःच्या हातानं जेवतो, अर्धं सांडतो आणि सांडलेल्याकडे बघून हसतो. पाटीवर लिहिलेल्या अक्षरांवर पायाचा अंगठा ठेवून तो बोलतो. मागच्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकिणीच्या सुनेचं बाळ बघायला गेले. दार बंद, पडदा ओढलेला, बाळ हळदीनं माखलेलं. मी पडदा ओढून काढला, पदर ओला केला, पुसलं, नाकाचा शेंडा दाबला आणि चौघांना भांडून बाळ दवाखान्यात नेलं. काही फार नव्हतं, दोन दिवस दिव्याखाली ठेवून घरी पाठवलं. सासू मला म्हणाली, "ताई, तिच्यादेखत बोलायचं नव्हतं. बाळंतिणीला घोर लागतो." मी तिला काय काय बोलले ते आठवून मला अजून बरं वाटतं.

पण घरी येताना रिक्षात मला दुसरंच आठवलं. आईला हे सगळं अजून का सांगितलं नाही, याची माझी सबब काय आहे? तिचा रक्तदाब. या वयात कशाला. तिच्यावरचा ठपका पुसला जाईल, पण राजू वाचला असता, कोणीतरी दारात येऊन सांगून गेलं होतं आणि पोटची पोर गप्प बसली, हेही तिला कळेल. तिला घोर लागेल. बरोबर हेच शब्द. आत्याचे. माझ्या तोंडात, इतकी वर्षं.

आज सकाळी आईनं दुधाची पिशवी दातानं फाडली आणि निम्मं दूध ओट्यावर सांडलं. कात्री तिच्या हाताशीच खिळ्याला टांगलेली होती. मग ओटा पुसत ती म्हणाली, "शैले, येत्या गिरानाची येळ वहीत लिहून ठिवलीस का गं?"

लिहिली. आईसमोर लिहिली. आजच्या यादीतलं बाकी सगळं झालंय: आईच्या गोळ्या, राजूच्या चमच्याची मूठ, तांदूळ निवडायला देणं, स्वयंपाकिणीच्या घरी पुन्हा चौकशी. वहीच्या मागच्या खिशात तो कोरा कागद आहे, कडेकडेनं नीट फाडलेला. आणि यादीत सगळ्यात खाली, या वहीत, आधीच्या वहीत आणि तिच्या आधीच्याही, एक ओळ आहे: आईला पाचवीच्या दुपारचं सांगणे. तिच्यापुढे खूण नाही.